आईची वेगळी पातेली

आमच्या घरात रात्रीचं जेवण दोनच प्रकारचं असतं. एक म्हणजे मटण. दुसरं म्हणजे "आज काय नाही का?"

हे दुसरं पप्पांच्या आवाजात म्हणायचं. पुढ्यात भाकरी असते, वांग्याची भाजी असते, वरणभात असतो, ठेचा असतो, लिंबाची फोड असते. पप्पा ताटाकडे बघतात, मग गॅसच्या ओट्याकडे बघतात, मग परत ताटाकडे, आणि बसमध्ये पाकीट मारलं गेलेल्या माणसाच्या आवाजात विचारतात, "आज काय नाही का?" यातलं 'काय' म्हणजे मटण, चिकन, सुकट, अगदीच गेलाबाजार अंडं. जमिनीतून जे काही उगवतं त्याची पप्पांकडे नोंदच नाही.

"हे काय दिसंना का तुमाला?" आई विचारते. "माती वाढली का मी?"

आई आकुर्डीत येऊन आमच्या सनीदादाच्या वयाहून जास्त वर्षं झाली. खूश असली की ती टीव्हीवरच्या बातम्यांसारखं बोलते. चिडली की थेट माहेरचा औसा तालुका. गेले काही महिने आमच्या घरात औसा तालुकाच चालू आहे.

तिचं नाव रंभा. तिचे वडील माळकरी, त्यामुळे तिच्या माहेरी अंडंसुद्धा घरात येत नव्हतं. लग्न जमवणाऱ्याने "मुलगा पुण्याकडं कंपनीत आहे" एवढंच सांगितलं, आणि मुलाच्या घरी काय शिजतं ते सांगायचं विसरला. लग्नानंतरच्या पहिल्याच रविवारी आमच्या आजीने, जाईबाईने, तिच्या हातात काळी पिशवी दिली.

"धू."

"काय हाय?"

"मटान हाय. धू."

आईने पदर नाकाला बांधला आणि धुतलं. पुढे चिरायला शिकली, खोबरं-कांदा भाजून वाटायला शिकली, रश्श्याला तवंग आणायला शिकली. मिठाशी येऊन मात्र अडली.

"मीठ किती घालू?"

"चाखून बघ की."

"मी खात न्हाई."

"मंग वास घे!" आजी म्हणाली.

आजीने हा टोमणा मारला होता. आईने ती रीत म्हणून घेतली. तेव्हापासून ती पातेल्यावर वाकते, डोळे मिटते, एक दीर्घ श्वास घेते आणि हात मिठाच्या डब्यात घालते. एवढ्या वर्षांत तिच्या मटणाचं मीठ एकदाही चुकलेलं नाही. गल्लीत कुणाकडे हळद असली की मोठ्या पातेल्यापाशी आईला बोलावणं येतं. "रंभाताई, जरा वास घ्या ना." आई वास घेते. "मीठ कमी हाय. खोबरं करपलंय जरा, त्याला आता इलाज न्हाई." आणि घरी येते. जेवायला थांबत नाही, कारण ती खातच नाही.

ती काय खाते? तिची एक वेगळी लहान पातेली आहे आणि वेगळी पळी आहे. दोन्ही सगळ्यात वरच्या खुंटीला टांगलेल्या असतात. रविवारी आमचं वाढून झालं, दुसऱ्यांदा रस्सा घेऊन झाला, आजीचं नळी चोखून चोखून तिची शिट्टी वाजवणं झालं, की आई ती पातेली काढते, काहीतरी करते आणि ओट्याला टेकून उभ्याउभ्या खाते. काय खाते हे आम्ही कधी विचारलं नाही. एकदा मी सनीदादाला विचारलं होतं. मोबाइलमधून मान न काढता तो म्हणाला, "असतं तिचं काहीतरी."

मग पप्पांच्या पायाचा अंगठा सुजला.

पप्पा चाकणच्या एका कंपनीत प्रेसवर आहेत. सपाट पत्रा आत जातो आणि गाडीचं दार होऊन बाहेर येतो. खंडोबा माळाच्या चौकातून कंपनीची बस असते. त्या सकाळी पप्पांचा उजवा अंगठा टोमॅटोसारखा झाला होता. सेफ्टी शूजमध्ये जाईना. पप्पा चप्पल घालून गेले आणि गेटवरच्या सिक्युरिटीने त्यांना आत सोडलं नाही.

"खंडूभाऊ, शूज?"

"अंगठा सुजलाय रे. पिशवीत आहेत, घालतो आत जाऊन."

"आत जाऊन नाही, घालून आत. नियम आहे."

पप्पा टेम्पोने परत आले. सूज उतरून परत कामावर जाईपर्यंत कितीतरी दिवस घरी होते. ते कॉन्ट्रॅक्टवर आहेत, म्हणून सुपरवायझरचा फोन आला. तो फोन स्पीकरवर होता, त्यामुळे तो आवाज मला पाठच झाला आहे. "हे बघा खंडूभाऊ, मी तुम्हाला मानतो. पण प्रेस रिकामी ठेवता येत नाही हो. परत असं झालं तर कॉन्ट्रॅक्टर दुसरा माणूस देणार, मग मला बोलू नका." 'मी तुम्हाला मानतो' म्हणताना तो काहीतरी कुरकुरीत खात होता.

चिंचवडच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं. यूरिक ॲसिड वाढलेलं. हे डॉक्टर प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'ओके?' म्हणतात. "मटण बंद, ओके? कलेजी, खिमा, सुकट बंद, ओके? चिकनपण सध्या नको, ओके? डाळी प्रमाणात चालतील, ओके?"

"ओके," आई म्हणाली.

"मग खायचं काय?" पप्पांनी विचारलं.

"बाकी सगळं," डॉक्टर म्हणाले. पप्पांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू बाकी म्हणजे काय असतं ते मी त्यांना समजावून सांगावं.

बाहेर आल्यावर आई रिक्षात म्हणाली, "आता अंगठा सुजू द्यायचा न्हाई. बस." हे तिने असं म्हटलं की जणू अंगठा तिच्याच हातात दिला होता. एका अर्थी दिलाच होता. पुन्हा सुजला तर प्रेस जाणार, आणि तो सुजणार की नाही हे तिच्या ओट्यावर ठरणार.

आता तुम्हाला वाटेल, माळकऱ्याची मुलगी ही, हिला काय अवघड? पण हुकूम आला तो असा.

"कर काहीतरी मटणासारखं," पप्पा म्हणाले.

"मटनावानी रस्सा पायजे, बाय," आजी म्हणाली. "न्हाईतर घास उतरत न्हाई आमच्यासारख्यांच्या घशाखाली."

"आणि प्रोटीन!" सनीदादा म्हणाला. तो जिमला जातो आणि हा शब्द दंडाकडे बघत म्हणतो.

पहिल्या दिवशी सोयाबीनच्या वड्या झाल्या. मटणाचाच मसाला, मटणाचंच वाटण, मटणाचंच पातेलं. वास असा सुटला की खालच्या मजल्यावरची करिष्मा वाटी घेऊन वर आली. पप्पांनी पहिला घास घेतला. चावला. परत चावला.

"हे चावलं की चुईं करतंय."

"करतंय तर करू द्या."

"मटण चुईं करत नाही, रंभे."

आणि मीठ चुकलं होतं. मटणात कधी न चुकणारं मीठ! कारण यात मटण नव्हतं म्हणून आईने या वेळी चमच्याने चाखून मीठ घातलं होतं. इतकी वर्षं नाकाने स्वयंपाक केलेल्या बाईने जिभेला विचारलं, आणि जीभ बिचारी या मसाल्यापुढे नवखी.

दुसऱ्या दिवशी पनीर झालं. आजीने तुकडा तोंडात इकडून तिकडे फिरवला. "ह्ये काय हाय? खोडरबर?" पुढे मशरूम झाले. "ह्ये गोगलगायीवानी हाय." मग कच्चा फणस. कोकणातल्या शेजारणीने शपथेवर सांगितलं होतं की अगदी मटणासारखा लागतो. आईने हाताला तेल लावून तो चिरला, तरी चीक चिकटला तो दोन दिवस निघाला नाही. आजीने एक गर उचलला, बोटांनी सोडवून बघितला. "दोरे दोरे हायेत गं. गोनपाट शिजवलंस व्हय?"

"आत्याबाई, तुमी खाऊन तर बघा!"

"बघितलं की. म्हनून तर इचारलं."

सनीदादाने प्रत्येक ताटाचा फोटो काढून त्यात प्रोटीन किती ते मोबाइलमध्ये पाहिलं आणि प्रत्येक वेळी उसासा टाकला. पप्पा निमूट खायचे. हे निमूट खाणं तर फारच वाईट होतं. कढीतली माशी बाजूला काढावी तसे ते फणसाचे तुकडे ताटाच्या कडेला लावत. मग हात धुऊन म्हणत, "जरा शतपावली करून येतो." अंगठा दुखणारा माणूस रोज चालायला जातो याचं मला जरा नवल वाटलं होतं. पण पोटात आग पडली असताना बसवत नसेल, असं मी धरून चालले.

आई रोज नवीन काहीतरी करायची आणि रोज तेच ऐकायची. "चांगलं झालंय गं. पण मटणासारखं नाही." ती मोबाइलवर व्हिडिओ बघायची. त्यातली गोड आवाजाची बाई म्हणायची, "आणि बघा मैत्रिणींनो, घरचे ओळखणारच नाहीत!" आई पडद्याला उत्तर द्यायची, "ये एकदा आमच्याकडं. आमची आत्याबाई दाखवते तुला."

मग तो रविवार आला.

संध्याकाळी पप्पा 'शतपावली' करून आले, तोंडात बडीशेप. आईने त्यांच्या हातातली दुधाची पिशवी घेतली आणि तशीच थांबली. त्यांचा हात धरला. डोळे मिटले. पातेल्यावर वाकते तशी हातावर वाकली.

"खिमा," ती म्हणाली.

"काय?"

"खिमा हाय. वाटाणा घातल्याला. आलं लई झालंय." तिने आणखी एकदा श्वास घेतला. "आन मीठ कमी हाय."

"हो ना!" पप्पा एकदम बोलून गेले. "मी त्या हॉटेलवाल्याला म्हटलंपण, राव, मीठ कमी..."

आणि थांबले.

आजी जपमाळेचे मणी ओढायचं सोडून बघत राहिली. सनीदादाने कानातला इअरफोन काढला.

"अंगठा दाखवा," आई म्हणाली.

"अगं काही नाही..."

"दाखवा म्हणलं ना!"

पप्पांनी पाय पुढे केला. टोमॅटो झाला नव्हता अजून, पण गुलाबी होता. उद्या सोमवार. पहिली शिफ्ट.

"मग मी काय करू?" आता पप्पाही चिडले. "दिवसभर उभा असतो मशीनसमोर. घरी आलो की रोज नवीन रबर! एवढ्या लोकांचं मटण वासावर ओळखतेस तू. नवऱ्यासाठी जरा मटणासारखं काही करता येत नाही तुला?"

आईने दुधाची पिशवी ओट्यावर ठेवली. अगदी हळू ठेवली. मला तिथेच कळलं की आता काही खरं नाही.

"मटणासारखं," ती म्हणाली. "मटणासारखं! सकाळ-संध्याकाळ मटणासारखं! ओ, मला काय म्हाईत मटण कसं लागतंय? मी एक घास खाल्लाय का जन्मात? तुमी सांगायलाव, ह्ये त्याच्यासारखं न्हाई, ते त्याच्यासारखं न्हाई. अन मी येड्यावानी फणस चिरायले! कशासारखं करू मी? मला कसं कळायचं?"

आई मटण खात नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. आई मटणासारखं करायचा प्रयत्न करते आहे, हेही सगळ्यांना माहीत होतं. पण या दोन गोष्टी एकमेकींशेजारी ठेवून कुणी पाहिलंच नव्हतं. मी तरी पाहायला हवं होतं. गल्लीतल्या कुणाचाही आवाज मी काढते, पण ज्याला मी ऐकलेलंच नाही त्याचा आवाज काढ म्हटलं तर मी कुठून काढणार? आणि आईला आम्ही रोज रात्री तेच करायला लावत होतो, वर नक्कल जमली नाही म्हणून तोंड वाकडं करत होतो.

"आज तुमचं तुमी बघा," आई म्हणाली. "मला भूक लागली."

तिने वरच्या खुंटीवरून तिची पातेली काढली. मटणाचं मोठं पातेलं पायाने बाजूला सारलं. फडताळाच्या मागच्या कोपऱ्यातून एक स्टीलचा डबा काढला. या डब्यात येसर असतं. ज्वारी, गहू, हरभऱ्याची डाळ, धणे, सुकं खोबरं, लाल मिरची, असं सगळं वेगवेगळं भाजून केलेलं मसाल्याचं पीठ. तिचा भाऊ दरवर्षी लातूरच्या गाडीने पाठवतो. तेलात मोहरी तडतडली, लसूण पडला, तो लाल होईपर्यंत आई पाठ करून उभी राहिली. मग पाण्यात कालवलेलं येसर चर्रकन् आत गेलं.

चाखलं नाही. वाकली, डोळे मिटले, मीठ टाकलं.

मग तिने आजपर्यंत कधी केली नाही अशी गोष्ट केली. ओट्याला टेकून उभी राहिली नाही. ताट घेऊन हॉलच्या मधोमध आली, फरशीवर मांडी घातली, ज्वारीची भाकरी कुस्करली, वरून ती तांबडीलाल आमटी ओतली, कांद्यावर बुक्की मारली आणि सगळ्यांच्या समोर जेवायला लागली. पहिल्यांदाच. सगळ्यांच्या आधी.

वास सगळ्या खोलीत पसरला. भाजलेल्या खोबऱ्याचा, लसणाचा, आणि त्याखाली आणखी कसला तरी, भट्टीजवळून जाताना येतो तसा खरपूस.

आजीने जरा वेळ दम काढला.

"काय खातीस गं?"

"माझं."

"त्ये कळलं. पर काय हाय?"

"येसर हाय. मटणासारखं न्हाई."

"आमी कुटं म्हनलं, मटनावानी हाय का म्हनून?" आजी सरकत सरकत पुढे आली. "घाल पळीभर. बघू दे."

आईने तिच्याकडे बघितलं. सासूच्या वाटीत तिने आपली पळी कधीच घातली नव्हती. मग घातली. आजीने वाटी तोंडाला लावली, एक भुरका मारला, आणि डोळ्यांत पाणी आलं. भावनेबिवनेने नाही, मिरचीने.

"आयाया," आजी म्हणाली. नाक पुसलं. "अजून घाल."

त्यानंतर मला आठवतंय ते एवढंच की सनीदादाने भाकरी घेतली, मी घेतली, पप्पा पलंगाच्या कडेवर बसून फक्त बघत होते. गुन्हेगाराला मागायची सोय नव्हती. शेवटी आईनेच ताट पुढे सरकवलं. "या आता. आवताण देऊ का?"

पप्पांनी कुस्करून घास घेतला. दुसरा घेतला. कपाळावर घाम आला, नाक वाहायला लागलं, आणि नाक वाहत असताना पप्पा कधी बोलत नाहीत. रविवारी मटणाला ते असेच जेवतात, हे माझ्या लक्षात आलं. मान खाली, एक बाही नाकाला, दुसरा हात ताटात. भाकरीवर भाकरी मागितली. सनीदादाने प्रोटीन पाहिलं नाही.

पातेली लहान होती. बघता बघता तळ दिसला, आणि आजीने तो बोटाने निपटला.

"संपलं?" आईने विचारलं.

"संपलं."

"मी दोन घास खाल्ले!" आई म्हणाली. "इतकी वर्षं एकटी माझी पातेली माझ्या पोटाला पुरत होती. आज बसले मधी, तर तीपण गेली. माझंच खाल्लं माझ्यासमोर!" ती ओरडत उठली आणि ओरडत ओरडतच मटणाचं मोठं पातेलं ओढून घेतलं. राख घेतली, चिंच घेतली, आणि घासायला लागली. घासून झालं की नाकाशी नेई, पुन्हा घासायला घेई. त्यातला जुना वास जाईपर्यंत तिने ते सोडलं नाही. मग त्यात येसर चढवलं. सगळ्या भावकीला पुरेल एवढं.

सोमवारी सकाळी पप्पांनी गोळी घेतली आणि पलंगावर बसून शूज पुढ्यात ओढला. आई कणीक मळायची थांबून बघत होती. पप्पांनी दात आवळले, अंगठा आत सारला, चेहरा लिंबू चावल्यासारखा झाला. टाच आत गेली.

"गेला," ते म्हणाले.

"गेला तर जावा. बस चुकंल," आई म्हणाली आणि परत कणकेवर तुटून पडली.

त्यानंतर शतपावली बंद झाली. येसर, मग कधी तिच्या माहेरची शेंगदाण्याच्या कुटाची आमटी, कधी तिखटजाळ पिठलं. सगळं तिच्या पातेलीतलं, आता मोठ्या पातेल्यात. मटणासारखं कुणी म्हटलं की आई पळी उगारते. आजी तरी अधूनमधून म्हणतेच, "समदं झ्याक हाय, पर एक नळी असती तर..." आणि आई म्हणते, "शेवग्याची शेंग चोखा." आजी ती चोखते आणि शिट्टी वाजते का ते बघते. वाजत नाही.

अंगठा पुन्हा टोमॅटो झाला नाही. मागच्या आठवड्यात डॉक्टरांनी सांगितलं, "अंडं चालेल, ओके?" आईला वाटलं, किती दिवस झाले, माणसाची हौस करावी. तिने मसाला वाटला, अंडी उकडली, आधी तेलावर परतली आणि रस्सा केला. पप्पा पहिली शिफ्ट करून आले, आंघोळ केली, ताटावर बसले.

ताटात अंड्याचा रस्सा होता, भाकरी होती, कांदा होता, लिंबाची फोड होती. पप्पांनी ताटाकडे बघितलं. मग ओट्याकडे बघितलं, तिथे येसरचा डबा बंद होता. मग परत ताटाकडे.

"आज काय नाही का?"

यावर आई जे म्हणाली ते मला हुबेहूब काढून दाखवता येतं, हातातल्या पळीसकट. पण ते लिहिण्यासारखं नाही.